दोन गुण वजा

निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दयाबाई रोज सकाळी सहाला शब्दकोडं टाकायच्या. उत्तर आठच्या आत आलं नाही, तर दोन गुण वजा. भिंगारच्या जॉर्ज सरांना हा नियम मुळीच पटत नव्हता. "बाई, बक्षीस नाही, सर्टिफिकेट नाही. गंमत म्हणून खेळतो आपण, मग दंड कशाला?" असं ते दर रविवारी लिहायचे. बाई त्यावर एक हसरा चेहरा टाकायच्या आणि नियम तसाच ठेवायच्या.

गुरुवारी सरांचा मोबाईल बंद पडला. तो चार्जिंगला लावून ते निवांतपणे कुंड्यांना पाणी घालत बसले. सव्वाआठला फाटकाशी मोटारसायकल थांबली. दूधवाल्या मच्छिंद्रच्या मागे दयाबाई बसल्या होत्या, घरातल्याच स्लिपरवर, केसही न विंचरता.

"काय झालं, बाई?"

सरांना धडधाकट बघून बाई पायरीवरच टेकल्या. "काही नाही. तुमचे दोन गुण गेले."

"एवढं सांगायला आलात?"

"लई घाबरल्या हुत्या, सर," मच्छिंद्र म्हणाला. "तुमचा फोन लागंना, म्हनून वाटंतच आडवलं मला."

ग्रुपमधली बाराच्या बारा माणसं आपल्यासारखीच घरात एकटी राहतात, हे सरांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांनी तिघांचा चहा टाकला. चहाला उकळी येईपर्यंत मोबाईल सुरू झाला, तेव्हा सरांनी ग्रुपवर लिहिलं, "बाई, दोन गुण फार कमी होतात. उद्यापासून पाच कापा."