पाठीवरची कडी

सातही जणांनी 'सगळं ठीक' म्हणून अंगठा वर केला आणि त्यांचा मास्तर शेखर जागच्या जागी थबकला.

पवनचक्कीवर चढणाऱ्यांना सुरक्षेचे धडे देणारं निफाडच्या रस्त्यावरचं ते यार्ड कोरोनामुळे बंद होतं, ते त्या सकाळी पुन्हा उघडलं होतं. मास्क लावून सगळे चुन्याने आखलेल्या गोलांत लांब लांब उभे होते. अंगावर पट्ट्यांचा हार्नेस, पुढे सरावाचा लोखंडी टॉवर. एकमेकांचे पट्टे तपासा म्हटल्यावर त्यांनी समोरासमोर तोंड करून छातीवरचं बक्कल दाखवलं, मांड्यांचे पट्टे दाखवले, आणि अंगठा. पाठ कोणीच फिरवली नाही.

हे कोणी शिकवलं, असं विचारायची सोय नव्हती. त्यानेच शिकवलं होतं. गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या गॅलरीत तो हार्नेस घालून उभा राहायचा, बायको पूजा मोबाइल धरायची आणि ही माणसं आपापल्या घरी बसून बघायची. मोबाइलकडे पाठ करून कोण उभं राहतं? इतके महिने पोरांनी मास्तरचं पोट तेवढं पाहिलं. खाटेवर झोपवून पोहायला शिकवलं की दुसरं काय होणार.

आणि पडणाऱ्याला झेलणारा दोर तर पाठीवरच्या कडीत अडकवायचा असतो.

त्याने जवळच्या गोलातल्या राकेशला पाठ फिरवायला सांगितलं. लांबून सगळं ठीक दिसलं. मग शेखरने आकडा लावलेली काठी आणली, कडीत अडकवून ओढली, तशी कडी थेट राकेशच्या टाळूपर्यंत सरकत गेली. पट्टा आतून सैल होता. राकेशने मागे हात नेऊन ती चाचपली.

"मला दिसलंच नाही, सर."

"दिसणारच नाही. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून तर जोडीदार असतो."

कोणीतरी म्हणालं, मग काठीनेच तपासू या, अंतरही राहील. शेखरने काठी भिंतीला टेकवली आणि विचारलं, वर टॉवरवर काठी घेऊन जाणार का?

यार्डाचा एक जुना रिवाज होता. जोडीदाराने मागून पट्ट्यांत बोटं घालायची, कडी ओढून बघायची आणि मग म्हणायचं, 'चढ'. तोवर शिडीला हात लावायचा नाही. स्वतःच स्वतःला 'चढ' म्हणायचं नाही. आपला हात जगन्नाथ तिथे चालत नसे.

पण कोणी कोणाला शिवणार नाही, या बोलीवरच तर यार्ड उघडलं होतं. शेखरने तिथूनच मुख्य ऑफिसला फोन लावला. हात लागणार, त्याने स्पष्ट सांगितलं. साबण, हातमोजे, मास्क, आणि शेवटपर्यंत एकाला एकच जोडीदार. हे जमत नसेल तर यार्डाला कुलूप लावतो, पण खोटं शिकवून कोणाला वर पाठवणार नाही. पलीकडून बरीच कुरकुर झाली आणि शेवटी होकार आला.

सहा जणांच्या जोड्या जमल्या. सातवा झुंबर गोलातच उभा राहिला. चाळिशीचा, कमी बोलणारा, निफाडकडचा माणूस. हा सराव झाल्याशिवाय त्याला कामावर घेणार नव्हते. तरी त्याने छातीचं बक्कल सोडायला सुरुवात केली.

"मी कुणाला हात लावणार नाय, साहेब. घरी माय हाय. तिला दमा हाय."

शेखरला खरं तर राग यायला हवा होता. आला नाही. माणूस चुकीचं काहीच बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. पण पाठ न तपासता तो वर गेला आणि घसरला, तर त्याच्या आईचा दमा बघायला घरी कोण उरणार होतं?

त्याने झुंबरला यार्डातल्या ऑफिसच्या दारातून आतली गादी दाखवली. शेजारी पूजाने भरून दिलेली बॅग होती. बॅच संपेपर्यंत शेखर स्वतः इथेच झोपणार होता. नाकात काडी घालून त्याची कोरोनाची तपासणी झाली होती, त्यात काही निघालं नव्हतं.

"तुमचा जोडीदार मी," शेखर म्हणाला. "मी घरी जात नाही, दुसऱ्या कोणाला शिवत नाही. बाकीच्यांना तोंडानेच शिकवीन. आधी माझी पाठ बघा. मग ठरवा, राहायचं की जायचं."

आणि तो झुंबरकडे पाठ करून उभा राहिला.

मागून पावलं नळाकडे गेली. मग नळ वाहिला. साबण, पाणी, मग हातमोजे ओढल्याचा आवाज. तोंड एका बाजूला वळवून झुंबरने पट्ट्यांत बोटं घातली. ती खांद्यावरून खाली आली, कडीच्या मागे शिरली आणि थांबली.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "आत पीळ पडलाय."

अंगावर होता तो गॅलरीतलाच हार्नेस. इतके महिने हाच पीळ पाठीवर घेऊन शेखर सुरक्षा शिकवत होता. सहा जण बघत होते. लाज वाटली ती वाटलीच, पण तो हलला नाही.

झुंबरने पट्टा सोडवला, उलगडला, सरळ केला. मग दोन्ही हातांनी कडी अशी ओढली की शेखर एक पाऊल मागे आला. शिडी हाताच्या अंतरावर होती. शेखरने हात खालीच ठेवले आणि तो वाट पाहत राहिला.

"हां," झुंबर म्हणाला. "आता चढा."