न सांगितलेली साखर

डॉक्टर स्मृती भेटायला आल्या, तेव्हा गोजराबाईंचा तेरावा नुकताच उरकला होता. गोजराबाईंच्या मुलीने, विमलाने, खुर्ची पुढे केली. डॉक्टर मूळच्या पुण्याच्या. बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांमधल्या मधुमेहाचा त्या अभ्यास करत होत्या. शहराच्या येलहंका भागातली ही घरं परक्याला दाराबाहेरच उभं करत. म्हणून त्र्याण्णव साली विमला कुंकवाचा करंडा घेऊन त्यांच्यासाठी दारोदार फिरली होती. कुंकू लावून दिलेलं बोलावणं कुणी मोडत नाही. देवळाच्या सभागृहात रक्त द्यायला पहिली सुई टोचून घेतली ती गोजराबाईंनीच.

सांत्वनाचे दोन शब्द बोलून डॉक्टरांनी रविवारचा विषय काढला. पुन्हा सगळ्यांचं रक्त घ्यायचं होतं. विमलाने बोलावल्याशिवाय बायका येणार नाहीत, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं.

विमलाने ऐकून घेतलं. मग विचारलं, "आईची साखर वाढली होती, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "पण आकडे सांगितले की लोक पथ्य धरतात, औषधं सुरू करतात. मग अभ्यासाला अर्थ राहत नाही. सांगायचं नाही, हे आधीच ठरलेलं असतं."

पायाची जखम काळी पडली, तेव्हाही गोजराबाई दवाखान्यात जायला तयार नव्हत्या. आपली डॉक्टरीण दर खेपेला रक्त नेते, काही बोलत नाही, म्हणजे सगळं बरं आहे, असं त्या म्हणत. विमलालाही ते पटलं होतं. शेवटी दवाखान्यात नेलं, तेव्हा साखर कळली, पण फार उशीर झाला होता.

शेजारच्या पद्मावतीअक्का दारातून डोकावल्या. डॉक्टरांना पाहून त्यांचा चेहरा फुलला. रविवारी उपाशीच यायचं, की स्वल्प कॉफी चालेल, असं त्या विचारू लागल्या. मागच्या खेपेला ह्या बाईंनी आपल्याला भुकेने मारलं होतं, असं म्हणून हसल्याही.

"उपाशीच राहा, अक्का," विमला म्हणाली. "पण देवळात जायचं नाही. सरकारी दवाखान्यात जाऊ. तिथं साखर किती आहे ते सांगतात."

"सरी, बरं," म्हणून अक्का वळल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनी विमलाकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ डॉक्टरांकडे.

"म्हणजे ह्यांना ठाऊक आहे? माझीसुद्धा?"