बाटलीतलं पाणी
शेवटच्या सकाळीही बाबांनी खिडकीतली काचेची बाटली उजेडात धरली. खाणीचं गाळपाणी अडवणाऱ्या बांधातून झिरपलेलं पाणी ते रोज तिच्यात आणायचे. “मातीचा बांध झिरपणारच. पाणी नितळ, तोवर काळजी नाही. तळाशी गाळ दिसला, तर समज, आतून माती वाहतेय.” “एकतीस वर्षं हेच! एवढ्याशा बांधाचे केवढे लाड!” मी चिडवलं. “तुझेही कमी केले नाहीत,” म्हणत ते कामाला गेले. दुपारी बांधावरच त्यांचं हृदय थांबलं. संध्याकाळी मुकादमांनी त्यांची पिशवी पोचवली. आतली बाटली भरलेली होती. मी ती खिडकीत ठेवली. सकाळी उजेडात धरली. तळाशी कणही नव्हता. बांधाखालच्या आमच्या वस्तीत कुणी कपडे वाळत घालत होतं, कुणी भांडत होतं. “नितळ आहे, बाबा,” मी मोठ्याने म्हणाले. “कधी बोलले नाही, पण तुमच्याच भरवशावर आम्ही निर्धास्त झोपत आलो.”