हौदावरची हाक

"आज तोंडातून बोराना भाषा काढायची नाही," उंट पाण्यावर नेताना नवऱ्याने हबीबोला वाटेतच बजावलं होतं. विहीर सोमाली लोकांची, आणि यांची गर्रे जमात सोमाली की बोराना, हा वाद आजा-पणजांनाही मिटवता आला नव्हता.

विहिरीजवळ बाभळीखाली बसलेल्या पंचासमोर नवऱ्याने आपल्या सोमाली पूर्वजांची नावं घडाघडा म्हणून दाखवली. म्हाताऱ्या पंचाने मान डोलावली आणि पाणी मोकळं केलं.

पण तहानलेले उंट सोमाली हाकेला जागचे हलेचनात. नवरा ओरडून ओरडून घामाघूम झाला. शेवटी हबीबोला राहवेना. तिने रोजच्यासारखी बोरानात हाक घातली, तसे सगळे उंट हौदाकडे धावले.

नवऱ्याचा चेहरा उतरला. हबीबो पंचासमोर मान खाली घालून उभी राहिली.

"पुन्हा घाल गं," म्हातारा हळूच म्हणाला. "माझी आई अशीच हाक घालायची."