चिबडातला हरभरा

पार्वतीबाई तुरीत दबा धरून बसली होती, हातात विळा घेऊन. नुकतं उजाडत होतं, थंडीनं दात वाजत होते. पण आज माती टाकणारा हाती लागला, तर त्याची खैर नव्हती.

महिना झाला हे चाललं होतं. सकाळी शेतात यावं, तर पिवळ्या हरभऱ्याच्या बुडाशी कुणाच्या तरी रानातली करडी माती पसरलेली. करणीच ती, दुसरं काय! पुसेगावात एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पार्वतीबाई तोंडाला पदर लावून ती माती खरडायची, टोपल्यात भरायची आणि बांधाच्या कोपऱ्यात नेऊन ओतायची. पुन्हा त्या कोपऱ्याकडं वळूनसुद्धा बघायची नाही.

मुळात तो तुकडाच तसला. निजामाच्या पटवाऱ्यासमोर दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा थोरल्या सोनाजीला चांगलं रान गेलं आणि धाकट्याच्या, म्हणजे पार्वतीबाईच्या नवऱ्याच्या, संतरामच्या गळ्यात हे चिबड पडलं. पिढ्यान्‌पिढ्या पाणी साचलेलं. त्या दिवसापासून दोन्ही घरांची बोलाचाली बंद. संतराम आणि पार्वतीबाईनं उन्हाळाभर चर खणून पाणी काढून दिलं. खाली अर्धवट कुजलेल्या लव्हाळ्याचा काळाकुट्ट थर निघाला. फुकटचं खत मिळालं म्हणून दोघं केवढी हरखली! पण हरभरा उगवला तो पिवळाच.

"हे पीक बी गेलं तर हिंगोलीच्या कापसाच्या जिनात हमाली धरतो," संतराम म्हणाला होता. म्हणजे घराला कुलूप. गाव सुटलंच. पार्वतीबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता.

बांधावर पाऊल वाजलं. डोक्यावर टोपलं घेतलेली एक बाई खाली उतरली. पार्वतीबाई ताडकन उठली आणि जागीच थिजली. थोरली जाऊ, नर्मदाबाई!

"बाई, तुमी? सख्ख्या दिराच्या रानात करणी करून राहिल्या?"

नर्मदाबाईनं टोपलं खाली ठेवलं. मातीतून हरभऱ्याचं एक रोप काढून तिच्यापुढं धरलं. मुळांना बारीक मण्यांएवढ्या गाठीच गाठी.

"हे आमच्या रानातलं. आता तुझं एक उपट."

पार्वतीबाईनं उपटलं. मूळ बोडकं. गाठ म्हणून नाही.

"ह्या गाठीच हरभऱ्याला पोसतेत. तुमच्या चिबडात हरभरा कधी पेरलाच न्हाई, मंग गाठी येतील कुठून?" नर्मदाबाई म्हणाली. "विरजणाबिगर दुधाचं दही व्हतं का गं? नव्या रानात जुन्या रानाची माती टाकावी लागते. माझ्या माहेरी असंच करतेत."

पार्वतीबाईला खरं वाटेना. ती तरातरा कोपऱ्याकडं गेली. तिथं, तिनं ओतलेली माती हरभऱ्याच्या ओळींच्या टोकांशी पसरली होती. आणि तेवढाच हरभरा हिरवागार, फुटव्यांनी भरलेला. बाकीचं शेत अजून पिवळंच.

तिच्या हातून विळा गळाला. रडू फुटलं, आणि संतापही आला. स्वतःचा, जावेचा, सगळ्यांचाच.

"अजून येळ गेला न्हाई," नर्मदाबाई मागून आली. "ही माती पसर. येईल सारं हिरवं."

"अवो पण म्हयनाभर मी ही माती फेकून राहिले! तुमाला दिसलं न्हाई का?"

"दिसलं की. दुसऱ्याच दिवशी दिसलं."

"मंग तरी बी रोज काहून आणून राहिल्या?"

नर्मदाबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले.

"म्हणलं, एक ना एक दिवस भांडायला तरी येशील."