सोमवारचा जबाब

मोबाईलमध्ये केसरबाई बोलत होती, आणि मोबाईलबाहेरची केसरबाई तोंड मिटून ऐकत होती.

"आमच्या नाल्याचं पाणी झऱ्यावानी हाय. मेंढरं मेली ती रोगानं. कंपनीचा काय बी दोष नाय. उलट कंपनीनं आमाला लई आधार दिला..."

चेहरा तिचाच. हनुवटीवरचं गोंदण तिचं, कानामागं खोचलेला पदर तिचा. बोलणं संपता संपता आवाज जरा खाली बसायचा, तीही लकब तिचीच. आठ दिवसांपूर्वी, रविवारी बातमीवाली दोन पोरं आली, तेव्हा तिनं घटकाभर रडून सगळं सांगितलं होतं. चिकलठाण्याच्या त्या कंपनीमागच्या नाल्यावर तिची चौदा मेंढरं पाणी प्यायली आणि दिवस मावळायच्या आत तोंडाला फेस येऊन आडवी झाली. त्यातलं काहीच मोबाईलमध्ये उरलं नव्हतं.

लंगडी म्हणून त्या दिवशी घरी राहिलेली भुरी मेंढी तेवढी वाचली होती. दारात बसल्या बसल्या तिनं कान टवकारले, इकडंतिकडं पाहिलं आणि पुन्हा मान टाकली. केसरबाईच्या हाकेशिवाय ती जागची हलत नसे. सोमवारी तर दिवसभर बसूनच असायची.

तलाठी अपेक्षा मॅडमनी व्हिडिओ मधेच थांबवून मोबाईल बाजेवर ठेवला. पंचनाम्याचा कागद त्यांच्या मांडीवर होता. जबाब नीट लिहिला गेला, तर नाल्याचं पाणी तपासायला जाणार होतं. नाही तर 'रोगानं मेली' एवढं लिहून कागद बंद. नाल्यापासून वस्तीचा हापसा तीस पावलांवर होता.

"आजी, हा व्हिडिओ जिल्ह्याच्या ग्रुपवर आलाय," मॅडम म्हणाल्या. "तहसीलदार साहेबांनी पाहिलाय. खाली बाराशे लोकांनी लिहिलंय, आजी खरं बोलतात म्हणून."

"कोन लोक?" केसरबाईचा लेक बिभीषण उसळला. "कुनी सुरतचं, कुनी इंदूरचं. आमच्या वस्तीतलं एक तरी नाव दाखवा! ह्यो व्हिडिओच कुनीतरी मशिनीवर बनवल्याला हाय. आन् मॅडम, खाली वार बघा की. सोमवारी काढला म्हून लिवलाय. माझी माय सोमवारी बोलत नाय. वेरूळच्या महादेवाला नवस हाय तिचा. एकोनीस वर्षं झाली, दिस उगवल्यापासून सांजचा दिवा लागंस्तोवर एक अक्षर नाय. इचारा सर्जेरावकाकाला."

शेजारचे सर्जेराव चौकटीला टेकून तंबाखू मळत होते.

"ते खरं हाय. नातीला इंचू डसला, तवा वहिनी थाळी बडवत वस्तीभर पळाल्या. पर हाक नाय मारली." त्यांनी चिमूट गालात सरकवली. "आता कंपनीनंच तोंडात साखर घातली आसंल, तर महादेव बी काय करील बाबा?"

केसरबाईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. सकाळी हापशावर ती गेली, तेव्हा बायाही अशाच बोलता बोलता गप्प झाल्या होत्या. एकीनं तर आपली कळशी अर्धीच भरून उचलून नेली.

मॅडमनी मांडीवरचा कागद सारखा केला. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"नवस मला कागदावर घेता येत नाही. पण व्हिडिओवर सोमवार आहे, आणि या बाई सोमवारी बोलतच नाहीत, एवढं चार पंचांच्या सहीनं लिहिता येईल. मग पाणी तपासायला पाठवायला कुणी मला अडवू शकत नाही. काका, सही कराल ना?"

"करीन की. खऱ्याला सही करायला काय भ्यायचं?" सर्जेराव तंबाखूचा हात धोतराला पुसत आत आले.

बिभीषण आईकडं वळला. "माय, झालं बघ काम."

पेन चालू लागलं. केसरबाईनं डोळे मिटून कोनाड्यातल्या पिंडीला हात जोडले. सकाळचं बेलाचं पान अजून ओलं होतं.

वार नीट बघावा म्हणून मॅडमनी मोबाईलच्या काचेला बोट लावलं. तसा थांबलेला व्हिडिओ पुढं सुरू झाला.

"...वेरूळच्या महादेवाची आन घेऊन सांगते, ह्यात तसूभर बी खोटं नाय."

केसरबाईनं डोळे उघडले. मोबाईलमधली केसरबाई तिच्याचसारखे हात जोडून, तिच्याच देवाची शपथ वाहत होती.

"नाय!" ती ओरडली. "महादेवा, म्या नाय रं बोलले! ह्यो आवाज माझा नाय!"

मॅडमचं पेन थांबलं. बिभीषण आईकडं बघतच राहिला. बाहेर खेळणारी पोरं दाराशी गोळा झाली.

"ह्योच की आवाज," सर्जेराव हळूच म्हणाले. सहीसाठी पुढं आलेला हात त्यांनी मागं घेतला.

मॅडमच्या बोलण्यात राग नव्हता. "आजी, आज सोमवार आहे ना?"

केसरबाईनं दोन्ही तळव्यांनी तोंड गच्च दाबून धरलं. बोटांमधून श्वाससुद्धा बाहेर येऊ देईना.

बाजेवरचा व्हिडिओ संपला आणि आपोआप पहिल्यापासून लागला. "आमच्या नाल्याचं पाणी झऱ्यावानी हाय..."

दारातली भुरी हाक आल्यासारखी उठली. लंगडत उंबरा ओलांडून आत आली, केसरबाईच्या अंगाला घासून पुढं गेली, आणि बाजेवरच्या मोबाईलपाशी तोंड नेऊन उभी राहिली.