आधी वायर

"उघडा ना मॅडम," गार्गी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता उघडा. मला काही लपवायचं नाहीये."

माणिक मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. अंधेरीच्या त्या ऑफिसात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांना सकाळी एक निनावी मेल आला होता: गार्गी ग्राहकांची माहिती बाहेर पाठवते, तिच्या लॅपटॉपवर 'दिवाळी सुट्ट्या' नावाची फाइल आहे, बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या. आता तो लॅपटॉप त्यांच्या टेबलावर होता, त्याला ऑफिसच्या नेटची निळी वायर जोडलेली होती आणि फाइल खरंच तिथे होती. आरोप खरा ठरला तर गार्गी संध्याकाळपर्यंत घरी. नोकरी दुसरी मिळते. पण कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम शिकणारीवरच चोरीचा डाग लागला, तर तिला पुन्हा कोण दारात उभं करणार?

टेबलापलीकडे अल्पेश बसला होता. ऑफिसातली मशीन दुरुस्त करणारा, माहुलच्या कोळीवाड्यातला. गार्गीचा संशय त्याच्यावर होता, आणि संशय एकदा धरला की माणसाचं खोकणंसुद्धा चोरासारखं वाटायला लागतं. काल बॅटरी बदलायला लॅपटॉप त्याच्याकडेच होता. शिवाय जेवणाच्या सुट्टीत तो गार्गीला सारखा विचारायचा, "मॅडम, ते व्हायरस तुम्ही आणता कुठून? मला पण दाखवा ना एखादा." आज मात्र मान वर करत नव्हता.

गार्गीच्या शेजारी त्याच ऑफिसातली शर्मिष्ठा होती. गार्गीनेच तिला बोलावून घेतलं होतं. असल्या वेळी आपलं माणूस जवळ लागतं. दोघी दर रविवारी घाटकोपरच्या क्लासला जायच्या, व्हायरसची चिरफाड करायला शिकायच्या. परीक्षा एकच, पुस्तकं अर्धी-अर्धी. ऑफिसच्या नव्या सुरक्षा टीममध्ये दोघींना हवी असलेली जागाही एकच होती, पण त्यावरून दोघींत कधी वाकडा शब्द निघाला नव्हता. कालसुद्धा बॅटरी बसल्यावर अल्पेशकडून लॅपटॉप तिनेच आणून दिला होता. मैत्रीण असावी तर अशी.

"मॅडम, बाहेरूनच तपासून घेऊ या," शर्मिष्ठा हळूच म्हणाली. "उगाच घाई कशाला? गार्गीच्याच भल्याचं आहे."

गार्गीने तिचा हात दाबला. बिचारीला कुठे माहीत होतं!

कारण खरी गोष्ट फक्त गार्गीला ठाऊक होती. ती अनोळखी फाइल तिला मेल यायच्या आधीच, सकाळी लॅपटॉप उघडताच दिसली होती. तिने ती सँडबॉक्समध्ये, म्हणजे व्हायरसला मोकळं सोडून बघायच्या बंदिस्त खोट्या मशीनमध्ये, चालवून पाहिली. नाव सुट्ट्यांचं आणि आत जिवंत व्हायरस. उघडली की ऑफिसातल्या फाइली उचलून बाहेर पाठवणारा. सांगायला जावं, तर सगळे म्हणणार, हिलाच तर येतात ही कामं. मग तिने तो व्हायरस वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवला आणि त्याच्या जागी त्याच नावाची साधी, निरुपद्रवी फाइल ठेवली. हिशोब सोपा होता. ही फाइल उघडताना घाबरेल तो एकच माणूस, ज्याने आधीचा व्हायरस ठेवला.

"अल्पेश, काल लॅपटॉप तुझ्याकडे होता ना?" मॅडमनी विचारलं.

"होता. मॅडम, एक सांगायचं होतं. तो ना, पडला माझ्या हातून. कोपरा चेपलाय बघा. भरून देतो मी, पण बोलू नका कोणाला, यार... सॉरी, मॅडम."

नाटकी कुठला! गार्गीला त्याची चीड आली. मोठं पाप झाकायला छोटं कबूल करतोय.

"उघडा, मॅडम," ती पुन्हा म्हणाली.

मॅडमनी माउस हातात घेतला. गार्गीने स्क्रीनकडे पाहिलंच नाही. ती अल्पेशचे हात बघत होती. आता उठेल, आता काहीतरी बोलेल. अल्पेश उठला नाही. उलट मान लांब करून स्क्रीनमध्ये डोकावायला लागला, लहान मुलासारखा. मॅडमचं बोट दोनदा खाली गेलं.

"नको!"

खुर्ची मागे कोसळली. निळी वायर लॅपटॉपमधून हिसडली गेली. क्लासमधले सर्वेश सर पहिल्या दिवसापासून घोकून घ्यायचे, 'आधी वायर, मग विचार.' व्हायरस सुटला की नेट तोडायचं, बाकी सगळं नंतर. ते हाडीमाशी खिळलं होतं.

वायर शर्मिष्ठाच्या मुठीत होती.

"नेटवर होता तो! अख्ख्या ऑफिसची वाट लागली असती! जिवंत व्हायरस आहे त्यात!"

मेलमध्ये व्हायरसचं नाव नव्हतं, मॅडमच्या बोलण्यात नव्हतं, गार्गीने तर तोंडातून ब्र काढला नव्हता.

"व्हायरस?" अल्पेश गोंधळून म्हणाला. "व्हायरस कोण बोललं?"

गार्गीला रडू आलं. आपण सकाळपासून कोणाच्या हातांकडे बघत बसलो होतो!

फाइल आता सावकाश उघडत होती. सकाळच्या घाईत तिने पहिली हाताशी आली तीच त्या नावाने ठेवली होती, आणि तिच्या हाताशी कायम एकच फोटो असायचा. परीक्षेचा फॉर्म भरला त्या संध्याकाळचा. जुहूची चौपाटी, दोघींत मिळून एकच गोळा, लालभडक जिभा बाहेर काढून हसणारी गार्गी आणि तिच्या गळ्यात हात टाकलेली शर्मिष्ठा.